सात क्विंटल गहू

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

लातूरला बेकरीचा कोर्स केला तेव्हा मॅडमनी सांगितलं होतं, भट्टीपाशी एक वही ठेवा. काय मळलं, किती वेळ भाजलं, काय बिघडलं, सगळं लिहा. तीन वर्षं वहीत तेवढंच लिहीत आले. खारी, टोस्ट, नानकटाई. आज वेगळं लिहायचंय. सांगायला कुणी नाही.

सकाळी सुदाम आबा दारात आले. आबा म्हणजे आमच्या हरणवाडीच्या पुनवेचे मालकच म्हणा. दर कार्तिकी पुनवेला गावात नव्याचा सण असतो. खरिपाचं नवं धान्य महादेवापुढं ठेवायचं, आणि गव्हाच्या जाडसर पिठाचे रोडगे देवळासमोरच्या चरात गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे. सात गावांची माणसं जेवायला येतात. चाळीस वर्षं तो आर आबांच्या हातात आहे. बायकांनी मळून द्यायचं, आराजवळ जायचं नाही.

आबा आत आलेच नाहीत. उंबऱ्याबाहेरून भट्टीच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "गोवऱ्या समद्या भिजल्या. एक ढीग धड राहिला न्हाई. कमिटी म्हणते, औंदा तुझ्या भट्टीत भाजायचे."

"आन तुम्ही काय म्हणता, आबा?"

"मी कशाला काय म्हणतो? आरात होतो तो रोडगा. भट्टीत होतो तो पाव." आणि गेले.

सप्टेंबरात ओढा गावात शिरला. सोयाबीन शिवारातच कुजलं, घराघरातला साठवणीचा गहू भिजला. सण करायचाच नाही असं लोक म्हणत होते. दसऱ्याच्या बैठकीला मुरुडहून माझा भाऊ आला होता. दयानंददादा. मुरुडला त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सण मोडू नका. माझी बहीण ह्या गावात दिलीय. सात क्विंटल गहू माझ्याकडून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी मान ताठ झाली.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची, दादा सोळाचा. त्यानं शाळा सोडून आडतीवर पोती उचलली, दोन वर्षांत बियाण्याचं दुकान टाकलं, मी तिथंच वाढले. माझं लग्न त्यानं केलं, लग्नानंतर कोर्सला त्यानंच पाठवलं. भट्टीत भाजायचे पहिले पत्रे त्यानंच आणून दिले.

सहा हजार रोडगे. भट्टीत एका वेळी चारशे. जमेल का?


१९ ऑक्टोबर

दिवाळीची झुंबड. बायका आपापलं पीठ, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून न्यायला येतात. दरवर्षीपेक्षा निम्म्याच आल्या. म्हातारी धोंडाबाई पुनम आणि मनिषा ह्या दोन्ही नातींना घेऊन आली आणि नुसतं बघून गेली. तिचं घर ओढ्याच्या काठावर, चूलसुद्धा वाहून गेली. पोरींच्या हातात दोन-दोन टोस्ट दिले.

शिवम्मा नसती तर मी मेलेच असते. ती उदगीरकडची, भट्टीवर माझ्या मदतीला असते. मळायला तिच्यासारखा हात नाही.


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मुरुडला गेले होते. ओवाळलं. दादा खराब दिसला, डोळे आत गेलेत. दुकानाच्या गोदामात कंबरभर पाणी होतं म्हणे. मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर हसला. "तुझ्या सणाचा गहू शाबूत हाय, तू फिकीर करू नको."

गच्चीवर ताडपत्री अंथरून गहू वाळत घातला होता. म्हणलं, ओला कसा? म्हणाला, जरासं पाणी लागलं होतं, तीन पाण्यांनी धुऊन घेतला, आता सोन्यासारखा झालाय.

वर्षाराणीवहिनीनं जेवताना वाढलं तेव्हा तिचे हात बघितले. मनगटापर्यंत लाल पुरळ, बोटांच्या बेचक्यात कातडी सुटलेली. विचारलं तर दादाकडं बघून म्हणाली, "साबण बदलला."

निघताना मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "वन्सं, सणाला गावातलाच गहू गोळा करा की. घरटी मूठ-मूठ. तसंच चांगलं दिसतं."

मी बरं म्हणलं. पण मनाला लागलं. नवऱ्यानं चारचौघांत शब्द दिलाय, आणि हिला सात क्विंटल जड झालेत. वहिनी अशी नव्हती.


२६ ऑक्टोबर, रविवार

दादानं नमुन्याला गव्हाची दोन पोती पाठवली. पहिल्या पोत्यावर त्याच्या हातचं कुंकवाचं स्वस्तिक. त्याचं असंच असतं, देवाचं काम म्हणलं की आधी कुंकू.

एक पोतं जाडसर दळून आणलं. दहा किलो मळलं, ओवा-मीठ, तुपाचं बोट. शिवम्मा म्हणाली, "अक्का, वास बघा." मी हुंगलं. नव्या गोणीला येतो तसा वास. गरम पिठाला येतोच.

हात धुतले तर बादलीतलं पाणी गुलाबीसर दिसलं. क्षणभर दचकले. मग ध्यानात आलं, पोत्यावरचं कुंकू. ओल लागून आत उतरलं असणार.

भट्टीत पन्नास मिनिटं. वरून खरपूस, आतून मऊ. फोडला तर वाफ निघाली. रंग छान आला. जिभेवर शेवटी जरा कडवट लागतं. ओवा जास्त झाला असेल. पुढच्या वेळी निम्मा घालायचा.


२७ ऑक्टोबर

कमिटीच्या लोकांना रोडगे चाखायला दिले. सगळे छान म्हणाले. सुदाम आबांनी एक तुकडा तोंडात घातला, चावला, आणि बाहेर जाऊन थुंकला.

"कडू हाय."

"ओवा जास्त पडलाय, आबा."

"ओवा मला मालूम हाय पोरी. ह्यो ओवा न्हाई."

मी फार चिडले. चाळीस वर्षांचा मान एका भट्टीनं घेतला म्हणून माणूस इतका खाली उतरतो? सगळ्यांसमोर थुंकायचं? दादाला फोन करून सांगितलं. त्यानं आधी विचारलं, आणखी कुणाला कडू लागला का? मग म्हणाला, "म्हाताऱ्याला काय कळतंय? बाकीचं मी दळूनच पाठवतो. तुझा तेवढाच तरास वाचंल."


३० ऑक्टोबर

आमचे हे, म्हणजे देविदास, दोन दिवस उलट्या करून बेजार. नमुन्याचे राहिलेले रोडगे ह्यांनीच संपवले होते. "तुझ्या त्या पिठाचंच कायतरी," म्हणाले. मी म्हणलं, बाजारातली भजी कोण खाऊन आलं होतं? कूस बदलून झोपले.

मलाही मळमळतंय. काळजीनं.

शिवम्माच्या हातावर पुरळ उठलंय. भांड्यांची पावडर बदलायला पाहिजे.


१ नोव्हेंबर, शनिवार

शिवम्माच्या चार कोंबड्या मेल्या. भट्टीमागं झाडलोट टाकते तिथंच चरायच्या. मानमोडीची साथ आली असेल. ती रडली, एक अंड्यावर होती. मी म्हणलं, सण झाला की तुला दोन घेऊन देईन.

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "गावात आनखी कुणाची मेली न्हाई, अक्का."

मी पत्रे घासत बसले.


३ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पो आला. पिठाची बारा पोती आणि एक पोतं गहू, दळायचं राहिलं म्हणून तसंच पाठवलेलं. उद्या दुपारपासून मळायला बसायचं. बारा बायका ठरल्यात. लाकडं रचून झाली.

आज लवकर झोपणार. पण झोप येईल असं वाटत नाही. कारण विचारलं तर सांगता येणार नाही.


४ नोव्हेंबर, सकाळ

लिहिलं नाही तर मी स्वतःलाच खोटं सांगीन.

पहाटे उठून त्या एका पोत्यातला गहू निवडायला घेतला. सुपात पसरला. उजेड पडत होता. एक दाणा उचलला. गव्हाला मध्ये खाच असते, त्या खाचेत गुलाबी रेघ. दुसरा उचलला, त्यातही. दहा बघितले. सातांत होती.

मूठभर दाणे पांढऱ्या कपात टाकले, वर कोमट पाणी. चहा उकळेपर्यंत पाणी गुलाबी झालं होतं. ह्या पोत्यावर कुंकू नव्हतं.

मी बियाण्याच्या दुकानात वाढलेली बाई. बुरशीचं नि वाळवीचं औषध चोळलेलं बियाणं ओळखू यावं म्हणून गुलाबी रंगवतात, हे मला कुणी शिकवायला पाहिजे का? लहानपणी दादानंच हातावर फटका मारून सांगितलं होतं, ह्याला हात लावायचा न्हाई, ह्यो खायचा गहू न्हाई.

मग वही उघडून मागची पानं वाचली. बादलीतलं पाणी. वहिनीचे हात. आबांचं थुंकणं. ह्यांच्या उलट्या. शिवम्माचे हात, कोंबड्या. सगळं माझ्याच अक्षरात. मी एकेक लिहिलं आणि एकेकाला कारण शोधून दिलं.

कप झाकून पिशवीत घेतलाय. ह्यांना उठवलंय, गाडी काढायला सांगितलीय. मुरुडला जाते.


४ नोव्हेंबर, सकाळ, अकरा वाजता

जाऊन आले. बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दादा दुकानात एकटाच होता. मी कप काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. त्यानं बघितलं. ओळखलं. खाली बसला.

"तीन पाण्यानं धुतला, बबे. वर्षानं सोता हातानं चोळून धुतला."

"वैनीचे हात बघितलेस का तू?"

त्यानं कपावर पुन्हा झाकण ठेवलं.

"खायचा गहू कुठं गेला?"

"गोदामात कुजला. वास मारत होता, ट्रॅक्टरनं टाकून दिला. गेल्या सालचं बियाणं तेवढं वरच्या फळीवर होतं, म्हणून वाचलं. दसऱ्याला शब्द दिला तवा मला खायचा गहू हाय असंच वाटत होतं. वरची पोती कोरडी दिसली, फोडून बघितली नव्हती."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला? समद्या गावासमोर टाळ्या घेतल्या मी. आता म्हणू, माझ्याकडं काय न्हाई? आज बाजारात कुठं गहू मिळत न्हाई एवढा. आन मी ऐकलंय बबे, धुतल्यावर काय राहत न्हाई. हॉटेलवाले घेऊन जातात असलं बियाणं. कोण मेलंय आजपातूर?"

"शिवम्माच्या कोंबड्या मेल्या."

त्यानं माझ्या मनगटाला धरलं. त्याची बोटं गार होती. म्हणाला, "उद्या पुनव हाय. आता माघारी फिरता येत न्हाई. लायसन जाईल, पोलीस येतील. मी तुला कवा काय मागितलं न्हाई. आज मागतो. एवढं निभावून ने."

खरंच त्यानं कधी काही मागितलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही.

मी म्हणलं, "पीठ भट्टीत जाणार न्हाई. पण तुझं नाव घेणार न्हाई मी. म्हणीन, माझ्याच हातनं खराब झालं. अळ्या पडल्या, ओल लागली."

घराकडच्या दारामागं वहिनी उभी होती. मला बघून पदर तोंडाला लावला.


४ नोव्हेंबर, संध्याकाळ

कमिटीला देवळात बोलावलं. मी सांगितलं, पीठ पत्र्याखाली ठेवलं होतं, ओल लागली, अळ्या पडल्या, चूक माझी. दादाही आला होता, खांबाला टेकून उभा होता. लोक मला बोल बोल बोलले. "बाईच्या हातात काम दिलं की असंच," असं कुणी तरी मागून म्हणालं. मी ऐकून घेतलं. दादानं एकदा डोळे वर करून माझ्याकडं बघितलं, पाणी भरलं होतं डोळ्यांत. मला वाटलं, झालं. माझी इज्जत गेली तर गेली, त्याची राहिली.

सुदाम आबा तेवढे माझ्याकडं एकटक बघत होते.

मी भट्टीवर परत आले. दारात बायकांची गर्दी. पिशव्या, घमेली, पातेली. शिवम्मा दोन्ही हात पसरून पोत्यांसमोर उभी, तरी एक पोतं फुटलेलं.

"बबिताबाई, टाकूनच देणार हाय ना?"

"अळ्या चाळून घेऊ की. आमच्याकडं तर दाणा न्हाई घरात."

"लेकरांना तेवढंच होईल."

मी ओरडले, "ठेवा! खाली ठेवा! खायचं न्हाई ते!"

"अगं अळ्यांनी कोण मरतंय?" एक जण हसली. पिशवी घेऊन निघालीसुद्धा.

तेव्हा कळलं मी काय केलं होतं ते. मी खोटं बोलून विष झाकलं होतं. ओल लागलेलं पीठ गरीब माणूस खातंच. पुरात सगळं गेलेला तर खातोच खातो.

मी पळत देवळात गेले. चप्पल कुठं राहिली माहीत नाही. भजनासाठी लावलेला माईक हातात घेतला. दादा अजून खांबापाशीच होता. त्यानं मान हलवली, नको म्हणून. एवढीशीच.

मी बोलले. काय बोलले ते आठवतंय.

"गाववाले, ऐका. भट्टीवरनं पीठ नेलं असेल तर खाऊ नका. त्याला अळ्या न्हाईत. ते औषध लावलेल्या बियाण्याचं पीठ हाय. विष हाय. माझ्या भावानं दिलं, दयानंदनं. आन मला सकाळपासून माहीत होतं. मी मघाशी खोटं बोलले. ज्यानं नेलं त्यानं परत आणून टाका. जनावरालाही घालू नका."

तीनदा बोलले. आवाज फाटला.

बायका परत आल्या. कुणी पिशवी फेकली, कुणी माझ्या पायाशी थुंकलं. एकीनं पीठ माझ्या अंगावर ओतलं. शिवम्मा मोजत होती. मग तिनं माझा दंड धरला. "धोंडाबाई, अक्का. ती समद्यांच्या आधी घेऊन गेली. तिला माईक ऐकू येत न्हाई, ओढ्याकडं आवाज जात न्हाई."

मी, शिवम्मा आणि आबा. आबा सत्तरीचे, पण आमच्या पुढं धावत होते.

तीन दगडांची चूल पेटलेली. परातीत पीठ. पुनम आणि मनिषा ताटलीसमोर बसलेल्या, गूळ लावून पोळी खात होत्या. पुनमची दुसरी पोळी होती. आबांनी ताटलीला लाथ मारली. पोरी रडायला लागल्या. धोंडाबाई काठी घेऊन आबांच्या अंगावर धावली. "खाऊ दे की रे! चार दिसांनी पोळी बघितली लेकरांनी!"

मी तिला सांगितलं. तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून ओरडून सांगावं लागलं. हे सगळं ओरडून सांगावं लागलं.

पोरींना घेऊन बाहेर पळालो तर समोर दादाची जीप उभी. तो मागून कधी आला कळलं नाही. कुणी काही विचारलं नाही, सगळे चढलो. मुरुडच्या सरकारी दवाखान्यापर्यंत त्यानं जीप थांबवली नाही. वाटेतच मनिषाला उलट्या सुरू झाल्या, माझ्या मांडीवर. पुनम झोपायला लागली, धोंडाबाई तिच्या गालांवर चापट्या मारत होती.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? कुणी बोलायच्या आत दादानं औषधाचं नाव सांगितलं. पोत्यावरच्या चिठ्ठीचा फोटो त्याच्या फोनमध्ये होता, तो दाखवला. म्हणाला, "बियाणं माझं हाय. माझं नाव लिहा."


५ नोव्हेंबर, पुनव

पोरी शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, अजून दोन दिवस ठेवू. सकाळी मला परत पाठवलं.

गावात येताना वाटलं होतं, भट्टीला कुलूप घालावं आणि झोपून राहावं. पण दारात सुदाम आबा बसले होते. शेजारी एक पायली गहू. त्यांच्या पोतडीतला, बीसाठी माळ्यावर राखलेला, औषध न लावलेला.

"आबा, आता कुणाला खायचं हाय माझ्या हातचं?"

"मला. पेटव भट्टी."

ते घरोघर गेले. कुणी पायली दिली, कुणी वाटी. काहींनी दारच उघडलं नाही. दुपारपर्यंत सव्वा क्विंटल जमलं, लगेच दळून आणलं. ठरलेल्या बारा बायकांतल्या पाचच आल्या. प्रत्येकीनं मळायच्या आधी पीठ जिभेवर ठेवून बघितलं. मला राग आला नाही.

आबा पहिल्यांदा उंबरा ओलांडून भट्टीपाशी आले. मी लाकडी फावड्यानं पत्रे सरकवत होते, ते बाजूला उभं राहून सांगत होते. आता फिरव. आता नको. आता काढ. मी विचारलं, "झाला का रोडगा?"

"पावच हाय," म्हणाले. "पण भाजलाय चांगला."

माणशी अर्धा आला. सात गावांतून दोनच गावांची माणसं आली. पंगतीत पहिला घास कुणीच घेईना. सगळे ताटाकडं बघत बसलेले. तेव्हा मी मधोमध उभी राहिले आणि एक अख्खा रोडगा वरणाशिवाय, तुपाशिवाय खाल्ला. आबांनी दुसरा खाल्ला. मग वाढप्यांनी वरण फिरवायला सुरुवात केली.


६ नोव्हेंबर

कृषी खात्याचे लोक आले, नमुने घेतले, पंचनामा झाला. पीठ पुरायला सांगितलं. माळावर खड्डा खणला. दादाला पोलिसांनी बोलावून नेलं होतं, दुपारी सोडलं, आणि तो सरळ माळावर आला. एकट्यानं सगळी पोती खांद्यावरून नेली. कुणी हात लावला नाही. मीही लावला नाही. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं.

वहिनीचा फोन आला. म्हणाली, "वन्सं, मी त्या दिवशी धड बोलायला पाहिजे होतं." मी म्हणलं, मी धड ऐकायला पाहिजे होतं. मग दोघी रडलो.


८ नोव्हेंबर, शनिवार

पोरी काल घरी आल्या.

आज दुपारी दादा आला, मोटारसायकलवर, मागं अर्धं पोतं बांधलेलं. भट्टीपुढच्या बाकावर बसला. मी चहा दिला. तो निवला तरी प्याला नाही.

"लायसन थांबवलंय," म्हणाला. "केस चालंल."

"हाव."

"माझं नाव घेतलंस तू. माईकवर."

"हाव, दादा."

"घेणार न्हाई म्हणली होतीस."

"म्हणली होती."

त्यानं कप बाकावर ठेवला. मग म्हणाला, "लेकरं कशी हायत? दवाखान्यात त्यांच्या खाटेपाशी जायची माझी हिम्मत झाली न्हाई. तू चल संगं."

धोंडाबाई अंगणात बसली होती, पोरी खेळत होत्या. दादानं पोतं सोडून तिच्यापुढं ठेवलं. हात जोडले. मोठ्यानं म्हणाला, "मावशी, गहू हाय. चांगला हाय. विकत आणलाय."

धोंडाबाईनं पोत्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"खा," म्हणाली.

"आं?"

"तू खा. आधी तू खा."

दादानं पोत्याचं तोंड उसवलं. मूठभर कोरडा गहू तोंडात टाकला. पोरी खेळ सोडून बघायला लागल्या. तो चावत राहिला, कडाकड आवाज येत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. गिळवेना. ठसका लागला. तरी थुंकला नाही.

"गीळ," म्हातारी म्हणाली.

गिळला. तिनं उठून तांब्याभर पाणी आणून दिलं. तो प्याला. तांब्या परत देताना तिच्या पायांना हात लावायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले.

"पोतं ओसरीवर राहू दे," म्हणाली. "चार दिस बघते."


१२ नोव्हेंबर

नानकटाई दोन पत्रे, टोस्ट तीन. गिऱ्हाईक थोडं, पण आहे.

शिवम्मानं सांगितलं, धोंडाबाईनं आज सकाळी पोतं आत घेतलं. तीन दिवस शेजारणीच्या कोंबडीला घालून बघितलं म्हणे. कोंबडी चांगली आहे.

दादाला फोन लावला. उचलला. मी म्हणलं, "घेतलं आत."

तो काही बोलला नाही. फोनही ठेवला नाही.